सात की तीन? उरोस्थीच्या अभ्यासाची प्रस्तावना

परभणीत बैलाच्या छातीचं हाड आधी शिकवलं गेलं, एम.बी.बी.एस.च्या वर्गात माणसाचं नंतर. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडलं ते २०२३ साली. मधल्या एकावन्न वर्षांत जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडच्या ज्या मुलामुलींना डॉक्टर व्हायचं होतं, ती औरंगाबादला, अंबाजोगाईला, नांदेडला गेली आणि परगावच्या डिसेक्शन हॉलमध्ये शरीररचनेचे पहिले धडे गिरवून आली. आता ते टेबल घराजवळ आलं आहे. त्या टेबलाशी पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यांसाठी, आणि डॉक्टर व्हायचं नसलं तरी आपल्या देहाची नीट ओळख करून घ्यावीशी वाटणाऱ्या कुणाहीसाठी, ही प्रस्तावना आहे. विषय एकाच हाडाचा: उरोस्थी, म्हणजे स्टर्नम, छातीच्या मधोमध उभं असलेलं चपटं हाड.

शरीरात याहून मोठी, मजबूत, डोळ्यांत भरणारी हाडं पुष्कळ आहेत. मांडीच्या हाडापुढे उरोस्थी किरकोळच वाटते. पुरुषात तिची लांबी साधारण १७ सेंटिमीटर, स्त्रीत त्याहून थोडी कमी. आतून सच्छिद्र, वजनाला हलकी, साफ करताना हाताळणी चुकली तर मोडणारी. तरीही शरीररचनाशास्त्र कसं शिकायचं हे ज्या हाडाने युरोपातल्या विद्वानांना शिकवलं, ते हेच. म्हणून सुरुवात त्या गोष्टीपासून करू.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन याला माणसाचं शव उघडता आलं नाही. त्याने माकडं, डुकरं, बैल चिरून पाहिले आणि उरोस्थीत सात हाडं असतात असं लिहून ठेवलं. पुढे तेराशे वर्षं ते वाक्य वर्गावर्गांतून वाचलं गेलं. १५४३ साली पादुआचा तरुण प्राध्यापक आंद्रेआस व्हेसालिअस याने मानवी देहाच्या रचनेवरचा आपला ग्रंथ बाझेलला छापला आणि मोठ्या माणसाच्या उरोस्थीत तीन भाग असतात, सात नाहीत, हे चित्रांसह दाखवून दिलं. त्याचे पॅरिसमधले गुरू सिल्व्हिअस संतापले. गेलन चुकणं शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं. गेलनच्या काळातली माणसं धिप्पाड होती, त्यांच्या छातीत सात हाडं असतील, आताचा माणूस खालावला म्हणून त्याची हाडं घटली, असा युक्तिवाद त्यांनी केला. समोर टेबलावर हाड पडलेलं असताना ग्रंथ वाचवायला माणूस कुठपर्यंत जातो, हे मला त्यातून स्पष्ट दिसतं.

आता परभणीकडे या. बैलाच्या उरोस्थीत सात खंड असतात. पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असतं, कारण त्याने ते मोजलेले असतात. डुकरात सहा, कुत्र्यात आठ. म्हणजे गेलनने जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त ते माणसाचं नव्हतं. व्हेसालिअसने जी तुलना करून जुनं ज्ञान हलवलं, ती तुलना परभणीचा विद्यार्थी एका सकाळीत करू शकतो. दोन्ही महाविद्यालयं एकाच शहरात आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय नाही. माझी मनापासूनची विनंती आहे, की वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी एकदा पशुवैद्यकच्या संग्रहात जावं आणि तिकडच्या मुलांनी इकडे यावं.

गेल्यावर काय पाहावं? बैलाला गळ्याखालचं आडवं हाड, जत्रुक, नसतं. त्याचा पुढचा पाय धडाशी हाडाने जोडलेलाच नाही. दोन्ही फऱ्यांच्या मधे धड स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं, आणि त्या झोळीतले छातीचे दणकट स्नायू उरोस्थीवरून निघतात. माणसात जत्रुक उरोस्थीच्या वरच्या कोपऱ्यावर टेकतं, आणि हाताचा धडाशी असलेला एकमेव हाडाचा सांधा तोच. बैलाला बरगड्यांच्या तेरा जोड्या, त्यातल्या आठ उरोस्थीपर्यंत पोचतात. माणसाला बारा, पोचतात सात. आणखी एक जागा दोघांत सारखी महत्त्वाची आहे. गाईने चाऱ्यातून तार किंवा खिळा गिळला की तो जाळीदार पोटात अडकतो. हे पोट उरोस्थीच्या मागच्या टोकाच्या अगदी वर, आणि त्याच्या पुढे फक्त श्वासपटलाच्या पडद्याचं अंतर ठेवून हृदय. म्हणून जनावरांचा डॉक्टर गाईच्या छातीखाली त्या टोकाजवळ दाब देऊन बघतो आणि गाय कण्हते का हे ऐकतो. माणसाच्या हृदयाभोवती पाणी साचलं तर सुई घालायच्या नेहमीच्या जागांपैकी एक त्याच टोकाखाली, डाव्या बाजूला असते. प्राणी वेगळा, पण शेजार तोच.

आपल्याकडच्या जुन्या गणतीचाही इथे विचार करायला हवा. चरकसंहितेत एकूण हाडं ३६०, त्यांतली छातीत १४. सुश्रुतसंहितेत एकूण ३००, छातीत ८. आजच्या पुस्तकाशी दोन्ही आकडे जुळत नाहीत, म्हणून बरेचजण ते सोडून देतात. मला ते सोडवत नाही. सुश्रुताने सांगितलेली पद्धत आठवा: शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री सोडायचं, मग वाळा किंवा बांबूच्या कुंच्याने थराथराने घासत आतलं पाहत जायचं. शव फार म्हाताऱ्याचं नको, असंही तिथे म्हटलं आहे. तरुण शरीराची उरोस्थी अशी पाण्यात भिजली तर कूर्चा मऊ पडून तिचे खंड सुटे होतील. आठचा आकडा त्या सुट्या खंडांतून आला असेल असा माझा तर्क आहे. त्याला मी तर्कापेक्षा जास्त मान देत नाही. पण मोजणारा हाड बघत होता, एवढं मला पुरेसं वाटतं.

कारण माणसाची उरोस्थीही जन्मतः तीन भागांची नसते. गर्भात छातीच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या दोन उभ्या पट्ट्या तयार होतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यरेषेवर येऊन एकमेकींना मिळतात. मिळाल्या नाहीत तर बाळाची छाती मधोमध दुभंगलेली राहते, आणि क्वचित हृदयच उघड्यावर येतं. मिळाल्यावर त्या कूर्चेत हाड धरू लागतं: वरच्या भागात पाचव्या-सहाव्या महिन्यात, मग खाली खाली, शेवटचा खंड जन्मानंतर पहिल्या वर्षात, अगदी खालचं टोक तीन वर्षांनंतर केव्हातरी. वयात येण्यापासून पंचविशीपर्यंत मधले चार खंड एकमेकांना सांधत जातात, आणि हे सांधणं खालून वर चढतं. टोक मधल्या भागाशी एकजीव होतं ते चाळिशीनंतर. वरचा भाग आणि मधला भाग यांच्यातला सांधा तर बहुतेकांत मरेपर्यंत मोकळाच राहतो. सात की तीन हा वाद पेटला तेव्हा लहान मुलाची छाती कुणी समोर ठेवली असती, तर दोन्ही बाजूंना थोडं थांबावं लागलं असतं.

आता स्वतःच्या छातीवर बोट ठेवा. गळ्याच्या मुळाशी, दोन जत्रुकांच्या मधे, जो खळगा लागतो तो उरोस्थीचा वरचा काठ. तिथून खाली येणारा रुंद, जाडसर भाग म्हणजे मॅन्युब्रियम, सुमारे ५ सेंटिमीटरचा. बोट सरळ खाली सरकवत आलात की एक आडवा उंचवटा लागेल. काहींना तो दिसतोही. मॅन्युब्रियम आणि मधला भाग इथे थोड्या कोनात मिळतात. लुई या फ्रेंच डॉक्टरचं नाव या कोनाला दिलेलं आहे. खाली मधला लांब भाग, सुमारे १० सेंटिमीटर, आणि शेवटी पोटाच्या वरच्या खळग्यात लपलेलं टोक, झायफॉइड.

या आडव्या उंचवट्यावर जरा जास्त थांबू, कारण वैद्यकातली निम्मी मोजणी इथून सुरू होते. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी लागते. पहिली बरगडी जत्रुकाखाली दडलेली असल्यामुळे बाहेरून चाचपता येत नाही. म्हणून बरगड्या मोजायच्या तर दुसरीपासून, आणि दुसरी सापडते ती या उंचवट्यावरून. स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा, छातीत पाणी झालेल्या रुग्णाला नळी कुठल्या दोन बरगड्यांमधून घालायची, ईसीजीच्या चकत्या कुठे चिकटवायच्या, हे सगळं त्यावर ठरतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता कुठलंही यंत्र हाताशी नसताना हे बोट चुकत नाही. उंचवट्यातून सरळ मागे पाठीच्या कण्यापर्यंत एक पातळी कल्पिली, तर ती छातीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधे पोचते. त्याच पातळीच्या आसपास श्वासनलिका दुभंगते, महारोहिणीची कमान सुरू होते आणि संपतेही, आणि छातीतली लसवाहिनी उजवीकडून डावीकडे वळते. हे सगळं पाठ करायला मुलं रडकुंडीला येतात. हाड हातात घेऊन, त्याच्या मागे एकेक गोष्ट ठेवत गेलं तर पाठ करावं लागत नाही.

उरोस्थी श्वासाबरोबर हलते, हे पुष्कळांना नवीन असतं. श्वास घेताना बरगड्यांची पुढची टोकं वर उचलली जातात आणि त्यांच्याबरोबर उरोस्थी वर आणि पुढे येते. छातीची पुढून मागची खोली वाढते. मराठवाड्यातल्या कुठल्याही वस्तीवरचा हापसा डोळ्यांसमोर आणा. दांड्याचं एक टोक पक्कं, दुसरं वर-खाली. मागे कण्याशी बरगडी अशीच पक्की असते आणि पुढचं टोक हलतं. जगभरच्या पुस्तकांत या हालचालीला हापशाच्या दांड्याचंच नाव आहे. उरोस्थीचा वरचा सांधा म्हातारपणापर्यंत मोकळा राहतो त्याचा उपयोग इथे होतो: मॅन्युब्रियम आणि मधला भाग यांच्यातला कोन श्वासागणिक किंचित बदलतो. दमेकरी माणूस दोन्ही हात टेकवून, मान ताणून बसलेला पाहिला असेल. मानेच्या बाजूचा जो स्नायू तेव्हा ताठ दिसतो, त्याचं खालचं एक टोक मॅन्युब्रियमवर आणि दुसरं जत्रुकावर आहे. डोकं स्थिर ठेवून तो उरोस्थीच वर ओढत असतो.

झायफॉइडबद्दल एक गोष्ट दवाखान्यात उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मध्यम वयाचा माणूस घाबरून येतो: पोटाच्या वरच्या बाजूला गाठ आली आहे, कडक आहे, हलत नाही. बहुधा नुकतंच वजन उतरलेलं असतं. तपासून पाहिलं तर पुष्कळदा ते झायफॉइडचं टोक निघतं. कूर्चेचं होतं ते हाडाचं झालं, वरची चरबी गेली, आणि बोटाला लागायला लागलं. काहींचं टोक सरळ, काहींचं पुढे वळलेलं, काहींचं दुभंगलेलं. ही विविधता माहीत असलेला डॉक्टर त्या माणसाची झोप परत देऊ शकतो.

उरोस्थीच्या आत जन्मभर लाल मज्जा असते. बाहेरचा थर पातळ आणि वर कातडीखेरीज फारसं काही नाही, त्यामुळे मज्जेपर्यंत पोचण्याची वाट इथे सर्वांत जवळची. १९२७ साली लेनिनग्राडच्या मिखाईल आरिंकिन यांनी उरोस्थीत सुई घालून मज्जा काढण्याची सोपी पद्धत आणली आणि रक्ताच्या आजारांचं निदान पार बदललं. आज मज्जा बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून घेतात. कारण समजून घ्या: उरोस्थीची जाडी सुमारे एक सेंटिमीटर, आणि तिच्या मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणून त्या सुईला किती खोल जायचं हे ठरवणारी अडसर-चकती असते, आणि लहान मुलांत उरोस्थीत सुई घालत नाहीत. शिवाय सुमारे वीस माणसांत एकाच्या उरोस्थीच्या खालच्या भागात जन्मापासूनच एक भोक असतं. गर्भातल्या दोन पट्ट्या तिथे पुरत्या मिटलेल्या नसतात. बाहेरून कळत नाही. वर कातडी सलग असते. ॲक्युपंक्चरची सुई त्या भोकातून हृदयापर्यंत गेल्याचे मृत्यू वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. भोक असलेलं हाड बघायला मिळालं तर त्यातून प्रकाशाकडे पाहा. एवढ्याने ते कायमचं लक्षात राहील.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत थोडक्यात: १८९७ साली कैरोत मिल्टन यांनी जिवंत माणसाची उरोस्थी मधोमध उभी चिरून छातीत शिरण्याचा मार्ग मांडला, तो सर्रास वापरात आला १९५७ नंतर, ज्युलिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. आपल्या ओळखीत ज्यांचं बायपास झालं आहे त्यांच्या छातीवरची उभी खूण तीच, आणि आत हाड पोलादी तारांनी बांधलेलं असतं. बायपाससाठी सर्वांत टिकाऊ ठरलेली रोहिणीही उरोस्थीच्या काठाला समांतर, त्यापासून जेमतेम बोटभर अंतरावरून खाली उतरते. आणि १९६० साली बाल्टिमोरच्या कुवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी थांबलेलं हृदय छाती न उघडता, बाहेरून दाबून चालवता येतं हे दाखवलं. मोठ्या माणसात तळवा उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मधोमध. खोली ५ ते ६ सेंटिमीटर. मिनिटाला १०० ते १२० दाब. अगदी टोकावर दाबायचं नाही. हे शेतात, एस.टी. स्टँडवर, मंगल कार्यालयात कुणालाही करता यावं.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग, जिथे परभणीच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखं आहे तसं देण्यासारखंही आहे. नुसतं हाड सापडलं तर ते पुरुषाचं की स्त्रीचं, कितव्या वर्षातलं, हे न्यायवैद्यकाला सांगावं लागतं. व्हिएन्नाचे हिर्टल यांनी एकोणिसाव्या शतकात नियम मांडला: मॅन्युब्रियमची लांबी मधल्या भागाच्या निम्म्याहून जास्त असेल तर हाड स्त्रीचं. हार्वर्डच्या ड्वाइट यांनी तो तपासला आणि सरासरीला खरा, पण एकेका हाडावर भरवसा ठेवायला कच्चा असं ठरवलं. १९५६ साली ॲश्ले यांनी दोन भागांची मिळून लांबी धरली: युरोपीय हाडांत १४९ मिलिमीटरच्या वर पुरुष. तेच माप पूर्व आफ्रिकेतल्या हाडांना लावलं तर चालेना. तिथे रेषा १३६ वर आणावी लागली. म्हणजे एका प्रदेशातली फूटपट्टी दुसऱ्या प्रदेशात नेऊन चालत नाही. १९८० साली जित, झिंगन आणि कुलकर्णी यांनी वायव्य भारतातल्या चारशे उरोस्थी मोजल्या. मराठवाड्यातल्या हाडांचा अभ्यास दहिफळे आणि सहकाऱ्यांनी केला आणि २००२ साली भारतीय शरीररचनाशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात तो छापून आला. परभणीच्या विद्यार्थ्याने हा शेवटचा निबंध मिळवून वाचावाच. आपल्या मातीतल्या माणसांची हाडं आपल्याच प्रदेशातल्या लोकांनी मोजली, आणि ती मोजणी कोर्टात उभी राहते. हे काम संपलेलं नाही. खाणंपिणं बदललं, उंची बदलली, की मापंही सरकतात. दर पिढीला नव्याने मोजावं लागतं.

त्यासाठी हाडं कुठून येतात, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी देता येतात. पण ज्या देहाचं नाव, वय, गाव काहीच माहीत नाही, त्याचं हाड शिकवायला उपयोगी पडलं तरी मोजणीला अपुरं पडतं. मोजणीला देहदान लागतं. जो माणूस जिवंतपणी अर्ज भरून ठेवतो आणि ज्याच्या घरचे त्या दुःखाच्या घडीतही महाविद्यालयाला फोन करतात, त्याच्या हाडामागे वय असतं, लिंग असतं, गाव असतं. नव्या महाविद्यालयाच्या विभागात असे देह कमी असणार हे उघड आहे. म्हणून ज्या घरांनी हा निर्णय घेतला त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांनी कृतज्ञ राहावं, आणि डिसेक्शन हॉलमध्ये आवाज, विनोद, मोबाइलचे फोटो यांना जागा ठेवू नये. हे मी शिस्तीसाठी सांगत नाही. त्या घरांचं आपण देणं लागतो म्हणून सांगतो.

काम कसं करावं, त्याच्या चार गोष्टी सांगून थांबतो. उरोस्थी साफ करताना घाई करू नका. पाण्यात जास्त दिवस राहिली तर कूर्चा निघून जाते आणि झायफॉइड हरवतं. हाडांच्या विकत मिळणाऱ्या संचांत ते पुष्कळदा नसतंच. साफ करण्याआधी, ओल्या अवस्थेतच, एक मोजमाप घ्या आणि वाळल्यावर दुसरं, कारण वाळताना लांबी घटते. सरकत्या कॅलिपरने मॅन्युब्रियमची लांबी मध्यरेषेवर, वरच्या काठापासून उंचवट्यापर्यंत. मग मधल्या भागाची, उंचवट्यापासून झायफॉइडच्या सांध्यापर्यंत. रुंदी पहिल्या आणि तिसऱ्या खंडाशी. कुठले खंड जुळले आहेत, कुठले नाहीत, कुठे रेघ अर्धवट उरली आहे, ते शब्दांत लिहा. भोक असेल तर त्याची जागा आणि व्यास. एकाच हाडाचं माप दोघांनी वेगवेगळं घ्यावं आणि एकमेकांचं न बघता लिहावं. फरक आला तर दोन्ही आकडे वहीत राहू द्यावेत. नाव लिहायचं नाही, पण वय, लिंग आणि तालुका लिहायचाच. आणि त्याच वहीत, पुढच्या पानावर, पशुवैद्यकच्या संग्रहातल्या एका लाल कंधारी किंवा देवणी बैलाची उरोस्थी मोजून तिचे सातही खंड काढा.